माशीचं ताट

पेत्रोग्राद, १६ जानेवारी १९२३

ही वही मुळात आमच्या चिनीमातीच्या कारखान्यात लग्नाच्या भांड्यांच्या मागण्या लिहायची. पानांना सोनेरी कडा आहे आणि शाई पसरत नाही. आता कोण लग्नाला चोवीस माणसांची भांडी मागवतंय? गोदामातल्या पांक्रातनं शेगडी पेटवायला काढली होती, मी त्याच्या हातातून ओढून घेतली. वही हाती आली आणि वहीत लिहिण्याजोगं संकटही आजच आलं.

दुपारी मुकादम कुझ्मा येरेमेइच रंगशाळेच्या मधोमध येऊन उभा राहिला. टोपी हातात. त्यानं टोपी काढली की समजावं, बातमी वाईट आहे. म्हणाला, आपण रंगवणारे अकरा, वसंतात राहणार सात. फुलांची ताटं आता चालत नाहीत, नवी रेखाटनं येतायत. मार्चच्या सुरुवातीला परीक्षा होईल. यादीत ज्याचं नाव नसेल त्यानं कारखान्याच्या इमारतीतली खोलीही सोडायची.

मी बावन्न वर्षांची विधवा. तीस वर्षं गुलाब रंगवले, दुसरं काही येत नाही. ही खोली गेली तर जायला दुसरं दार नाही. दिवसभर तेच डोक्यात घोळतंय.

फेक्ला साव्हिश्नाला मात्र काही नाही. ती माझ्या शेजारच्या बाकावर सव्वीस वर्षं बसते. तिचा नवरा लढाईत गेला, माझा टायफसमध्ये, तेव्हापासून एकाच खोलीत राहतो. घरी येऊन तिनं निवांत बाजरीची लापशी ढवळली आणि म्हणाली (ती मला ग्लाफिरा न म्हणता ग्लाशा म्हणते), "मार्च लांब आहे गं ग्लाशा. आधी मीठ कुठे ठेवलंस ते सांग."

१८ जानेवारी

नवे चित्रकार आले. इलारिओन फ्योदोरिच नाव, वय चोवीस, मान चिमणीच्या पिल्लासारखी. व्हिटेब्स्कच्या कलाशाळेतून आलेत. बाहीच्या मनगटाशी काळ्या कापडाचा चौकोन शिवलाय. सुतकात आहेत वाटून मी विचारलं, घरात कोण गेलं? म्हणाले, कुणी नाही, आमच्या शाळेतले सगळे असा लावतात.

मग रेखाटनं मांडली. एक काळा चौकोन, तिरका. त्याला टेकू की नको अशी एक लाल पट्टी. लांब एक पिवळं वर्तुळ, दोन बारीक निळ्या काठ्या. बाकी पांढरं. मी विचारलं, हे कशाचं चित्र? म्हणाले, कशाचंच नाही, जे आहे ते हेच. फेक्लानं माझ्या कानात सांगितलं, "गाडी उलटलीय, सामान रस्त्यात पसरलंय." संध्याकाळपर्यंत सगळी रंगशाळा त्यांना चौकोनराव म्हणायला लागली होती.

त्यांची ताकीद एकच. पांढऱ्याला हात लावायचा नाही, पांढरं पांढरंच राहिलं पाहिजे.

२२ जानेवारी

आज हसून पोट दुखलं आणि नंतर धडकीही भरली.

झिलईत लोखंडाचा कण राहिला की भट्टीतून ताटावर एक काळा ठिपका येतो. आम्ही त्याला माशी म्हणतो. आमच्याकडे पूर्वापार रीत आहे की माशी दिसली की तिच्यावर काहीतरी काढायचं. पान, कळी, फुलपाखरू. झाकली मूठ सव्वा लाखाची. फेक्लाचा यात हातखंडा. तिचा भुंगा ताटावरून उडेल असं वाटतं.

तर आज फेक्लाच्या ताटावर पांढऱ्या भागात माशी होती. चौकोनराव ताटं बघत बघत आले आणि थबकले. ताट डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं.

"हे काय आहे?"

"मुंगी," फेक्ला म्हणाली.

काळ्या चौकोनाच्या कडेला सहा पायांची सुबक मुंगी वर चढत होती. फेक्ला समजावायला लागली की तिथे माशी होती, उघडी कशी ठेवणार. ते बिचारे लालेलाल झाले. ओरडले नाहीत, नुसतं ताट बाजूला ठेवलं. नापास. माशी उघडी ठेवली तरी नापास, झाकली तरी नापास.

मला किडे काढता येत नाहीत. फेक्ला शेजारी आली त्याच वर्षी मी काढलेला भुंगा जुन्या मुकादमानं साऱ्या रंगशाळेत फिरवून विचारलं होतं की ही मनुका ताटात कुणी सांडली. हाकलणारच होता. त्यानंतर देवानंच सांभाळलं. माझ्या वाट्याला माशीचं ताट जवळजवळ आलंच नाही. गोदामातून रोज सकाळी दोघींच्या टोपल्या फेक्लाच आणते, कारण माझे गुडघे जिन्याला कुरकुरतात. तिच्या टोपलीत माशाच माशा, माझी ताटं दुधासारखी. नशीब म्हणायचं. कोपऱ्यातल्या संत निकोलायच्या तसबिरीसमोर आज बोटभर मेणबत्ती जाळली, ज्योतीकडे बघत आभार मानले.

२८ जानेवारी, रविवार

कुझ्मा येरेमेइच शेगडीचा पाइप नीट करायला आला होता. गेल्या रविवारीही आला होता. पाइप फारच वाईट असावा. जाताना दोन खारे मासे ठेवून गेला, म्हणाला घरी जास्त झालेत. एकट्या माणसाला मासे जास्त कसे होतात कोण जाणे. फेक्लानं माशांची डोकी उकळून कढण केलं, छान झालं. माणूस भला आहे.

५ फेब्रुवारी

गेल्या आठवड्यात तपासलेली माझी दहा ताटं, त्यांतली नऊ पास. फेक्लाची दहापैकी दोन.

जेवताना ती ताटांबद्दल कुरकुरली. तिच्या तोंडून कुरकुर सहसा येत नाही. म्हणाली, या खेपेची झिलई फार घाण आहे, टोपलीत धड ताट सापडत नाही. मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं." तिनं माझ्याकडे बघितलं, मग भाकरीचे तुकडे गाजराच्या चहात बुडवत राहिली.

जरा लागलं असेल तिला. पण एकाच गोदामातली ताटं माझ्याही वाट्याला येतात ना? मन लावून काम केलं की देव देतो, असं मला आपलं वाटतं.

९ फेब्रुवारी

चौकोनरावांचा चौकोन बाहीवरून लोंबत होता. एका टाक्यावर. बघवेना. जेवणाच्या सुट्टीत मी सदरा मागून घेतला, ते शेगडीजवळ बनियनवर कुडकुडत बसले. आम्ही लापशी दिली तर भांडं चाटूनपुसून परत दिलं. धुवायची गरज नव्हती.

सुईत दोरा ओवून मी विचारलं, "याची वरची बाजू कुठली?"

म्हणाले, "त्याला वर-खाली नसतं, ग्लाफिरा अर्सेंत्येव्हना. फुलाला देठ असतो, माणसाला डोकं असतं. याला जमीनच नाही, मग वर कुठलं आणि खाली कुठलं?"

मी म्हटलं, बरं, मग उलटा बसला तर मला बोलू नका. पहिल्यांदाच हसले. दात मुलासारखे बारीक आहेत.

१५ फेब्रुवारी

हे कुणाला सांगणार नाही, फक्त इथे लिहिते. मला ती चित्रं आवडायला लागलीत.

सपाट रंग सोपा वाटतो, पण फार छळतो. गुलाबात हात थरथरला तर पाकळी म्हणून खपतं. चौकोनाच्या कडेला थरथर झाली की ती तिथेच दिसत राहते. रंग लावायचा, रेशमाच्या गोळ्यानं टिपायचा, पुन्हा टिपायचा, कुंचल्याची एकही रेघ उरता कामा नये. आज काळा टिपत होते तर एकाएकी चौकोन ताटावरून सुटून पुढे आला. मी मान मागे घेतली. मग लक्षात आलं की पांढरं नुसतं मोकळं नाहीये, त्याच्यामागे लांबवर गेलंय, नेव्हा नदी गोठल्यावर पलीकडचा काठ दिसेनासा होतो तसं.

भुकेच्या वर्षांत बोटं गोठलेली असताना मी गुलाबच काढत होते. नवरा गेला त्या आठवड्यातही गुलाब. तेव्हा कुणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, ताटावर काहीही नको, नुसतं असं मोकळं राहू दे. मला तेव्हा हे माहीत असतं तर बरं झालं असतं. उशिरा का होईना, दिसलं. त्याबद्दल आभार.

२३ फेब्रुवारी

काल फेक्लाला सडकून ताप भरला. आज तिला घरी ठेवून टोपल्या आणायला मीच गोदामात उतरले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

पांक्रात म्हणाला, घे, ढीग समोर आहे. मी वरची वीस ताटं उचलली. वर येऊन खिडकीशी धरली तर सतरा माशीची. मला वाटलं, या म्हाताऱ्यानं मुद्दाम सडका ढीग दिला. पुन्हा खाली गेले, चार शब्द सुनावले. तो म्हणाला,

"सगळी अशीच असतात. नेहमीच अशी असतात. फेक्ला साव्हिश्ना पहाटेच येते, एकेक ताट उजेडाला धरते, पन्नास उपसते तेव्हा दहा निघतात. ती तुझ्या टोपलीत. मग उरलेल्यांतली स्वतःला घेते, कारण जास्त उपसू देत नाहीत. तुला माहीत नाही होय?"

मी टोपली घेऊन जिन्यावरच बसले. गुडघ्यांमुळे नव्हे.

तीन चांगल्या ताटांवर दिवसभर काम केलं. एकही धड झालं नाही.

२४ फेब्रुवारी

सकाळभर लिहायला बसते आणि उठते. सव्वीस वर्षं संत निकोलायला मेणबत्त्या लावल्या. नशीब म्हणाले, मन लावून काम म्हणाले. आणि वर तिला अंगण वाकडं म्हणाले. जिभेला हाड नाही म्हणतात ते माझ्यासाठीच.

तिचा ताप उतरलाय. चहा दिला आणि न राहवून विचारलं.

"किती वर्षं?"

तिनं काय म्हणून विचारलंसुद्धा नाही. "तुझ्या मनुकेपासून."

"मला सांगायचंस तरी."

"सांगून काय होणार होतं? गुलाब सोडून माझे आभार मानत बसली असतीस. मला किडे येतात, तुला येत नाहीत. एवढंच तर आहे."

"आता किडे चालत नाहीत फेक्ला. त्यांना पांढरं लागतं. तू यादीतून जाशील."

"जाईन. पण तू राहशील. तू राहिलीस की खोली राहते, मग मी तुझी पाहुणी. दोघींनी अर्धी अर्धी घाण ताटं घेतली तर दोघी जाऊ. मी हिशेब करून ठेवलाय, तू मध्ये पडू नकोस." आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

मी म्हटलं, अंगण वाकडं म्हणाले ते माफ कर. भिंतीकडूनच उत्तर आलं, "अंगण वाकडंच होतं. मीच उचलून आणत होते."

मी बाहेर बोळात जाऊन रडले. मग लापशी टाकली.

२ मार्च

परीक्षा सोमवारी. प्रत्येकाला दोन ताटं. तीही तीच आणणार. मी वाद घालून पाहिला. तिला ऐकू येत नाहीसं झालंय.

५ मार्च, सोमवार

सविस्तर लिहिते.

फेक्लानं टोपल्या आणल्या, माझी माझ्या बाकावर, तिची तिच्या. मग अंगरखा बांधायला भिंतीकडे वळली. तेवढ्यात मी टोपल्या बदलल्या आणि तिच्या दोन्ही ताटांच्या पाठीवर कोळशानं माझं नाव घातलं. ती वळली, तिला कळलं.

"ती माझी आहेत," ती हळूच म्हणाली.

"आता माझी." मुकादम समोरच उभा असल्यामुळे तिला काही करता येईना. इतकी रागावलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

मग मी माझी ताटं पाहिली आणि तोंडचं पाणी पळालं. दोन्हींवर माशी. भोकांतून कोळशाची पूड पाडून नक्षी ताटावर उतरवायचा तो टोचलेला कागद ठेवून पाहिला तर दोन्ही माशा पांढऱ्यात, अगदी उघड्यावर. दहा वाजेपर्यंत नुसती बसले. भुंगा काढावा तर ती मनुका होणार आणि मनुकेला तर आता मुळीच जागा नाही. बाकी सगळ्यांची पुडीच्या चिंध्यांनी कागदावर टिपटिप सुरू झाली होती. मनात म्हटलं, ठीक आहे, मी जाते, फेक्ला राहील, मी तिची पाहुणी होईन. तेवढंही देवानं दिलं तर खूप झालं.

चौकोनरावांचा सदरा शेगडीपाशी वाळत होता, खाली डोकं वर पाय. बाही उलटी लोंबत होती. तिच्यावरचा मी शिवलेला चौकोन मात्र होता तसाच. उलट्या बाहीवरही त्याला काही झालेलं नव्हतं.

मी कागदाकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं.

ताटाच्या पाठीवर कारखान्याचा शिक्का असतो. आम्ही शिकाऊ असल्यापासून एक गोष्ट हातात मुरली आहे. ताट हाती घेतलं की आधी शिक्का सरळ करायचा, मगच कागद ठेवायचा, नाहीतर गुलाबाचा देठ एकीकडे आणि शिक्का दुसरीकडे जातो. अकराच्या अकरा जण महिनाभर चौकोनही तसेच सरळ शिक्क्यावर ठेवत होतो. याला देठ कुठे आहे?

मी कागद ताटावर धरून फिरवायला लागले. खरं सांगते, हात वळेना. तीस वर्षांचं वळण आडवं आलं. जरा, आणखी जरा, पावभर फेरा झाला आणि माशी लाल पट्टीखाली गेली. दुसरं ताट अर्ध्याहून जास्त फिरवावं लागलं, मग तिथली माशी काळ्याखाली गडप.

कुझ्मा येरेमेइच मागून जाताना कुजबुजला, "ग्लाफिरा, शिक्का आडवा गेलाय."

"जाऊ दे," मी म्हटलं आणि काळा रंग घोटायला घेतला.

६ मार्च

निकाल चित्रकारांनी बाकाबाकाशी उभं राहून दिला. फेक्लाच्या ताटांपाशी आले आणि विचारलं, ही कुणाची? तिनं मान हलवली. कडा कात्रीनं कापल्यासारख्या, रंग असा सपाट की बोट फिरवावंसं वाटावं. चांगल्या ताटावर फेक्लाचा हात काय करू शकतो ते सव्वीस वर्षांत कुणी पाहिलंच नव्हतं. मीही नाही. ते म्हणाले, "महिनाभर या कुठे होत्या?" फेक्ला म्हणाली, "माशा मारत होते."

मग माझी ताटं. बराच वेळ पाहिली. पांढरं पांढरं होतं. सवयीनं पालथं घातलं तर शिक्का कलंडलेला.

"हे कसं?"

मी सगळं सांगितलं. माशी कुठे होती, कुठे गेली. शेवटी म्हटलं, "तुम्हीच म्हणालात ना, याला वर-खाली नसतं. मी आपलं तुमचं ऐकलं."

ते आपल्या बाहीकडे बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, "मी हे तीन वर्षं भाषणांत सांगतोय. आणि कागद मात्र रोज सरळ शिक्क्यावर ठेवत होतो." आणि तिथेच माझ्या बाकावर बसून हसायला लागले, डोळे पुसत. मुकादमाला आधी कळेना हसायचं की नाही, मग तोही हसला.

दुपारी फेक्लाची नापास ताटं वर आणवली. अजून भट्टी लागलेली नव्हती, टर्पेंटाइननं पुसून टाकता आली. दोघी कागद फिरवत बसलो. तीनातली दोन वाचतात. मधोमध माशी असेल तर मात्र इलाज नाही.

घरच्या जिन्यात फेक्ला म्हणाली, "माझा हिशेब चुकवलास." मी म्हटलं, "चुकवला." मग तिनं माझा हात धरला, गुडघ्यांसाठी.

१० मार्च

कुझ्मा येरेमेइचनं टोपी डोक्यावर ठेवूनच यादी वाचली. फेक्ला चौथी, मी सातवी. सातवी म्हणजे शेवटची, पण आत. ज्या चौघींची नावं नव्हती त्यांच्याकडे बघवलं नाही. त्यांतल्या दोघींना आता ताटं वाचतायत म्हणून भट्टीवर घ्यायचं चाललंय, होऊ दे बाबा.

११ मार्च, रविवार

मुकादम पाइपासाठी आला. मी म्हटलं, पाइप आता ठणठणीत आहे, उगाच येरझाऱ्या कशाला? तो लाल झाला, फेक्ला भांडी आपटायला लागली. काय झालं कळेना. शेवटी पाइप काढून पुन्हा बसवला आणि चहा घेऊन गेला.

संध्याकाळी संत निकोलायसमोर बसले. म्हटलं, बाबा, इतकी वर्षं तुझ्याकडे जे आभार पोचले त्यांतले बरेच शेजारच्या बाकाचे होते. दिलेले परत मागत नाही, ठेवून घे. पण तिलाही काही द्यायचं राहिलंय, तेवढं तू बघ.

१२ मार्च

सकाळी फेक्लानं टोपली माझ्या बाकावर ठेवली आणि आपल्या जागी बसली. मी वरचं ताट उचलून खिडकीशी धरलं. कडेपासून दोन बोटांवर एक टपोरी काळी माशी.

खालचं ताट स्वच्छ होतं. त्याखालच्या चारांवर पुन्हा माशी. तिच्या टोपलीत वाकून पाहिलं तर तिथेही तसंच, एखाद-दुसरं स्वच्छ, बाकी माशीची. निवडलेलं काहीच नव्हतं. ढिगातून आली तशी उचलून आणली होती.

मी तिच्याकडे पाहिलं. ती रंग घोटत होती, मान वर न करता म्हणाली, "आता येतं की तुला."

मी ताट बराच वेळ उजेडात धरून ठेवलं. मग शिक्का बघायचं सोडून कागद ठेवला आणि फिरवायला लागले.